दहापैकी सहा

सोमवार, ४ तारीख, दुपार

पोट दुखू लागले की माणूस पाय पोटाशी घेऊन का निजतो? हे सर्वांनीच पाहिलेले असते. तान्हे मूल असो वा सहा फुटी पैलवान, पोटात कळ आली की दोघेही सारखेच मुटकुळे करतात. डोके दुखताना कोणी गुडघे हनुवटीकडे नेत नाही. हा प्रश्न मी परिचारिकांच्या शाळेत पहिल्याच तासाला विचारीत असे आणि उत्तर देण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट थांबत असे. त्या मिनिटात मुलींच्या कपाळांवर ज्या आठ्या पडत, त्यांच्यासाठीच मी एकतीस वर्षे औषधशास्त्र शिकवले.

आज वर्ग नाही, उदाहरण मात्र रुग्णालयात माझ्यासमोरच्या पलंगावर आहे. दादा, माझा थोरला भाऊ, सकाळी चहाला आला नाही. दादा सातच्या ठोक्याला येतो, म्हणून पाच मिनिटांनी मीच त्याच्या खोलीत डोकावले. तो पलंगाच्या कडेवर बसला होता, उशी पोटाशी कवटाळून, कमरेत पार वाकलेला. मी विचारले, "काय रे, काय शोधतोस खाली?" तो म्हणाला, "काही नाही. जरा पाठीपर्यंत दुखतंय."

दादाचे 'जरा' ऐकून मी तडक रुग्णवाहिका बोलावली, इतके तरी मला कळते.

निदान लवकर झाले. पित्ताशयातला एक बारीक खडा घसरला आणि पित्ताची आणि स्वादुपिंडाची अशा दोन नळ्या जिथे एका तोंडाने आतड्यात उघडतात तिथे अडकला. त्यामुळे स्वादुपिंडाला दाह झाला. स्वादुपिंड ही मोठी विलक्षण ग्रंथी आहे. जठराच्या मागे, कण्याला बिलगून ती आडवी पडलेली असते आणि अन्न पचवणारे रस तयार करते. हे रस आतड्यात पोहोचल्यावर जागे व्हायचे असतात. वाट तुंबली की ते ग्रंथीतच जागे होतात आणि ज्या घरात जन्मले तेच घर पचवायला घेतात. माणूस उताणा झोपला की सुजलेली ग्रंथी कण्यावर ताणली जाते. पुढे वाकला की तो ताण थोडा सुटतो. मुटकुळे करण्यामागचे एक कारण हे.

औषधावरून मात्र थोडी झकाझकी झाली. तरुण डॉक्टर म्हणाले, "मॅडम, यांना मॉर्फिन सुरू करतोय." मी म्हणाले, "स्वादुपिंडाच्या दाहात मॉर्फिन?" आणि त्यांच्याच कागदाच्या पाठीवर आकृती काढून दिली: दोन नळ्या, एक तोंड, त्या तोंडाशी गोल स्नायू. हा स्नायू म्हणजे दारावरचा पहारेकरी. मॉर्फिन दिले की पहारेकरी मूठ आवळतो, दार बंद होते, रस मागे तुंबतात, दाह वाढतो. ही आकृती मी तीन रंगांच्या खडूंनी काढत असे.

"आकृती सुंदर आहे, मॅडम. पण हल्ली आम्ही..."

"सुंदर आहे कारण ती खरी आहे. ह्या स्नायूचं नाव लिहिते, थांबा."

शेवटी ते म्हणाले, "तुमचा इतकाच विरोध असेल तर आधी सौम्य औषधं देऊन बघू. पण आकडा सातच्या वर गेला तर मी तुमची परवानगी विचारणार नाही."

मी ते मान्य केले. आकडा म्हणजे वेदनेचे मोजमाप. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनाही करवणार नाही इतके दुखते. परिचारिकेने विचारले, "आजोबा, दहापैकी किती दुखतंय?" दादाने डोळे मिटले. इतका वेळ गेला की ती बिचारी माझ्याकडे पाहू लागली. मग तो म्हणाला, "सहा."

"एवढा विचार करायचा नसतो, आजोबा. मनात येईल तो आकडा सांगायचा."

"मनात येईल तो आकडा देणारे परीक्षक मी कामावरून काढले आहेत, बाळ."

मंगळवार, ५ तारीख

सकाळी सहा, दुपारी सहा, चारला पुन्हा सहा. माझा अंदाज खरा ठरला. सौम्य औषधांवर भागते आहे आणि पहारेकऱ्यालाही कोणी डिवचलेले नाही.

दादा अगदी शांत आहे. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ दिवसभर "मेलो रे" करीत असतात आणि त्यांच्याभोवती सगळे धावतात. त्यांचा आकडा नऊ! मी दादाला म्हणाले, "बघ, तुझ्यासारखे रुग्ण असते तर आमच्या मुली सुखात राहिल्या असत्या." सकाळी नेऊन दिलेले वर्तमानपत्र दुपारीही त्याच पानावर उघडे होते. रोज तो लाल पेन्सिलने त्यातल्या चुका काढतो. आज पेन्सिलीला हातही लावला नव्हता. विश्रांती घेत असावा.

तो बसूनच असतो, पुढ्यातल्या सरकत्या टेबलावर कपाळ टेकून. त्याला तसे बघून आमचे लहानपणचे जेवणघर आठवले. हाच जाड भिंगांचा चष्मा, हीच वाकलेली मान. मी दुसरीत आणि तो नववीत. माझे निबंध मी आधी त्याला दाखवत असे. तो जेवणाच्या टेबलावर वही पसरी, लाल पेन्सिल जिभेला लावी आणि वाचून झाल्यावर कोपऱ्यात आकडा लिही. पाच. साडेपाच. एकदा सहा. दहावीला मी मंडळात दुसरी आले, त्या निबंधाची नक्कल त्याने मागून घेतली आणि तिला सात दिले. पुढे तो भाषेचा शिक्षक झाला, मग परीक्षा मंडळाचा मुख्य परीक्षक. चौतीस वर्षे हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण हात सैल झाला नाही. "दहा दिले की मुलगा थांबतो," असे तो म्हणे.

किती सुखाचे दिवस होते ते! माझी आठ मिळवण्याची हाव अजून गेलेली नाही.

बुधवार, ६ तारीख

सकाळी साडेसहा, नंतर सहा. थोडा ताप आहे. डॉक्टरांनी छातीचे क्ष-किरण चित्र काढले. उजव्या फुफ्फुसाचा तळ नीट फुलत नाही म्हणतात, आणि बोटाला लावलेले यंत्र ऑक्सिजन थोडा कमी दाखवते. नाकाला नळी लावली आहे. असेच उतरत गेले तर अतिदक्षता विभागात न्यावे लागेल.

मी विचारले, "दादा, फार त्रास होतोय का?" तो म्हणाला, "सांगितलं ना त्या मुलीला."

या आजारात फुफ्फुसांवर परिणाम होऊ शकतो हे मी स्वतः शिकवले आहे. तरी आज घरी परतताना जिना चढवेना.

गुरुवार, ७ तारीख

सविस्तर लिहिले पाहिजे. घडले त्या क्रमाने लिहिते.

दहा वाजता विभागप्रमुख परिचारिका चार दिवसांच्या रजेवरून परतल्या. आमच्या विसाव्या तुकडीतली टाचणी! अंगाने बारीक आणि प्रश्न टोकदार, म्हणून मुलींनी ठेवलेले नाव. आता केस पिकले आहेत, चष्मा लागला आहे, पण चाल तीच.

"बाई! तुम्ही इथे कुठे?" मग तिची नजर पलंगाकडे गेली. "आणि हे... तुमच्या तासातले दादा?"

मला वाटले, ती आता तक्त्यावरचे आकडे पाहील. ती थेट दादासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, जरा खोकून दाखवता?"

गृहपाठ न केलेल्या मुलाने पाहावे तसे दादाने तिच्याकडे पाहिले. श्वास घेऊ लागला, अर्ध्यावर थांबला, आणि खोकलाच नाही.

"बरं, एक मोठा श्वास?"

तोही पावापर्यंत जाऊन मोडला.

"उताणे कधी झोपलात?"

"रविवारी."

मग तिने तक्ता उचलला. "सहा, सहा, सहा, सहा, साडेसहा, सहा. हे साडेसहा कधीचे?"

"काल सकाळचे," दादा म्हणाला. "त्याला सहा देणं अन्यायाचं झालं असतं."

टाचणी माझ्याकडे वळली. आवाज खाली आणला, पण टोक तेच. "बाई, सातच्या वर गेलं की मॉर्फिन, असं लिहिलंय इथे. हे कोणामुळे?"

मी दादाच्या पाठीमागची उशी सारखी करू लागले.

"तुम्हीच सांगायचात ना वर्गात? आम्ही कमी गुणांवर कुरकुरलो की म्हणायचात, 'माझ्या भावाच्या हाती सापडला नाहीत म्हणून बरं. त्याचा सहा म्हणजे जगाचा दहा.' आम्ही पोट धरून हसायचो." ती पुन्हा दादाजवळ गेली. "दादा, चौतीस वर्षांत आठ कोणाला दिलेत?"

"कोणालाच नाही."

"आणि सात?"

"तिघांना." त्याने माझ्याकडे बोट केले. "हिच्यासकट."

पायांखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले. साठ वर्षे ह्या माणसाची मोजपट्टी मला तोंडपाठ आहे. ती मी शेकडो मुलींना विनोद म्हणून सांगितली. आणि चार दिवस त्याच्या उशाशी बसून त्याचा सहा मी सहा म्हणूनच वाचला, कारण माझ्या आकृतीला तो आकडा सोयीचा होता.

टाचणीने डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पहिल्यांदा मॉर्फिनचाच कागद लिहिला, मग माझ्याशी बोलले. मॉर्फिनने तो स्नायू आवळतो ही गोष्ट खोटी नाही. थोड्या लोकांच्या नळीतला दाब मोजून ती पाहिलेली आहे. परंतु दाब वाढला म्हणून रुग्णाचे नुकसान झाले का, हा वेगळा प्रश्न. पुढे निरनिराळी वेदनाशामके देऊन रुग्णांची तुलना केली, तेव्हा या वर्गातल्या औषधांनी गुंतागुंत वाढल्याचे आढळले नाही. उलट वरून जादा औषध कमी लागले. अभ्यास लहान आहेत, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मी दोन पायऱ्या एकच समजून शिकवत आले होते.

"हे तुम्ही सोमवारी का नाही सांगितलं?"

"सांगत होतो, मॅडम. तुम्ही स्नायूचं नाव लिहीत होतात."

बाराला पहिली मात्रा दिली. अगदी थोडी, शिरेतून, आणि पुन्हा थोडी. ह्या औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून टाचणी जवळच थांबली होती. तरीही मी घड्याळ लावून श्वास मोजत बसले. मिनिटाला अठ्ठावीस. पंचवीस. वीस. पहिल्यांदा भीती वाटली. मग दिसले की श्वास कमी झाले आहेत, पण खोलही झाले आहेत. दुखण्याने अडलेली त्याची छाती चार दिवसांत प्रथमच खालपर्यंत हलत होती. दादाने टेबलावरून कपाळ उचलले, मागे टेकला आणि एक-एक करून पाय लांब केले. इतकी साधी गोष्ट. मी खिडकीकडे तोंड केले.

झोपेत जाता जाता तो म्हणाला, "तीन." टाचणी म्हणाली, "म्हणजे पाच. आणखी थोडं देऊ या."

शुक्रवार, ८ तारीख

ताप उतरला. दादा खोकला! इतका चांगला खोकला की शेजारच्या गृहस्थांनी "मेलो रे" मध्येच थांबवून दाद दिली.

आज त्याला एक यंत्र जोडले आहे. त्याची कळ हातात असते. दुखले की दाबायची, ठरलेली मात्रा आपोआप जाते, आणि कितीही वेळा दाबली तरी मर्यादेबाहेर जात नाही. फार सुरेख योजना आहे! पण सकाळपासून त्याने ती एकदाच दाबली होती.

"अरे, दाब की!"

"दाबण्याइतकं झालं की दाबीन."

"दादा, हे गुण नव्हेत. कोणी पास-नापास होत नाही इथे."

तो किंचित हसला. मी कालपासून मनात असलेला प्रश्न विचारून टाकला. "इतकं दुखत होतं, तर दहा का नाही दिलेस?"

"दहा दिले की पुढे जागा नाही. दुसऱ्या दिवशी आणखी वाढलं असतं तर काय करायचं? पुरवणी जोडायची?"

मला हसू आले आणि पाठोपाठ सायकल आठवली. मी सात वर्षांची होते. दादा मला पुढच्या दांडीवर बसवून शाळेतून आणत होता. उतारावर माझी चप्पल चाकात गेली आणि आम्ही दोघे रस्त्यावर आपटलो. मला फक्त गुडघ्याला खरचटले होते, पण मी आभाळ डोक्यावर घेतले. दादा उठला, माझी चप्पल शोधून पायात घातली आणि एका हाताने सायकल ढकलत, मला गोष्ट सांगत, घरापर्यंत चालत आला. संध्याकाळी त्याला शर्टाची गुंडी सोडता येईना, तेव्हा आईला कळले की हात मोडला आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात एक वाक्य रूढ झाले: दादाला दुखतच नाही. ते वाक्य मी इतके अभिमानाने मिरवले की ते खरे आहे का, हे कधी पाहिलेच नाही.

मी विचारले, "सायकलवरून पडलो तेव्हा? हात मोडला तेव्हा किती होतं?"

त्याने डोळे मिटले. नेहमीप्रमाणे वेळ घेतला.

"आठ."

"आठ! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू दहाचं रडत होतीस. मी कुठे मध्ये बोलू?"

मग त्याने आपण होऊन कळ दाबली.

गुरुवार, २१ तारीख

दादा सोमवारी घरी आला. खडे पुन्हा घसरू नयेत म्हणून निघण्यापूर्वी पित्ताशयही काढून टाकले. आज सकाळी तो सातच्या ठोक्याला चहाला हजर होता आणि वर्तमानपत्रात नऊ चुका निघाल्या.

मी मात्र दुपारी कपाटातून जुनी निळी वही काढली. 'स्वादुपिंड' हे पान उघडले तर कडेला अजून खडूची लाल भुकटी होती. आणि तो वर्गच समोर उभा राहिला: परीटघडीचे चाळीस गणवेश, उघड्या खिडकीतून येणारा जंतुनाशकाचा वास, माझी आकृती उतरवून घेताना पेनांची एका लयीत होणारी कुरकुर. त्या कुरकुरीसारखे संगीत मी नंतर ऐकले नाही. पण आज त्याच आठवणीत बोच आहे. एकतीस तुकड्या! त्यांतल्या किती जणींनी किती पलंगांशी 'मॉर्फिन नको' म्हटले असेल?

टाचणीला फोन करून हेच विचारले. ती म्हणाली, "बाई, आम्ही काय तुमच्या वहीवरच थांबलो? पुढची पुस्तकं वाचा, हेही तुम्हीच सांगितलं होतं." पण पुढे तिने आणखी एक सांगितले. "खोटं नाही सांगत, पहिली काही वर्षं मीही नको म्हटलं आहे." तिने हे लपवले नाही याबद्दल मी तिची आभारी आहे.

मग म्हणाली, "नव्या मुलींचा एक तास घ्याल?"

मी म्हटले, आता कोणत्या तोंडाने शिकवू? ती म्हणाली, "त्याच."

रविवार, २४ तारीख

तासाची तयारी. आकृती राहू द्यायची, तीनही रंगांत. तिच्याखाली लिहायचे: 'स्नायू आवळतो हे पाहिले, रुग्ण बिघडतो हे पाहिले का?' दुसरा मुद्दा मोजमापाचा. आकडा विचारायचा, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. खोकता येते का, खोल श्वास घेता येतो का, कूस बदलता येते का, तेही पाहायचे. हे नुसते सांगून मुलींच्या गळी उतरणार नाही. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवे, म्हणून आज एक प्रयोग घरीच करून पाहिला.

टाचणी दादाला पाहायला आली होती. तिघांच्या हातांत बर्फाचा एकेक सारखा खडा दिला आणि मुठी मिटल्या. मी साठपर्यंत मोजायला लागले. चाळिसाला टाचणी म्हणाली, "बाई, तुम्ही मुद्दाम हळू मोजताय." नंतर प्रत्येकाने कागदावर आपला आकडा लिहिला, दुसऱ्याला न दाखवता. टाचणी: पाच. मी: आठ, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. दादा: दोन.

"दोन?" टाचणी म्हणाली. "पन्नासाला तुमच्या पायाची बोटं चपलेत आकसली होती, दादा. आणि श्वास तर चाळिसालाच धरलात."

"मग अडीच करा," दादा म्हणाला.

मुलींना सांगायचे ते असे. घरी जा आणि ज्यांना आपण पुरते ओळखतो असे वाटते त्या दोघांना समोर बसवा. ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात किंवा संवेदना कमी आहे त्यांना वगळा, आणि नको म्हणेल त्याने मूठ लगेच उघडावी. सारख्या आकाराचे बर्फाचे खडे द्या, साठपर्यंत मोजा. मोजताना घड्याळ बघू नका. त्यांच्या भुवया, खांदे, श्वास आणि पायाची बोटे बघा. साठ झाले की त्यांना आकडा लिहायला सांगा, आणि त्यांच्याकडे पाहून तुम्हाला वाटला तो तुम्हीही लिहा. मग त्यांचे आणि तुमचे कागद शेजारी शेजारी ठेवा.